तिच्या लेकीचं नाव मी घेतलं

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शिंदखेड्याला आमच्या दारात मतदार यादीवाले गुरुजी आले की आईची पंचाईत व्हायची. गुरुजी विचारायचे, "पतीचं नाव?" आई चुलीकडे बघायची, दाराकडे बघायची, पदराचं टोक पिळायची. मग शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून माझ्या वडिलांचं नाव खणखणीत आवाजात सांगून टाकायच्या, आडनावासकट. आई हसायची, गुरुजी लिहून घ्यायचे आणि अक्कांच्या दारात जायचे. तिथे अक्का पदर पिळत उभ्या राहायच्या आणि नाव सांगायची पाळी आईची असायची. याला कोणी उपकार म्हणत नसे. जिच्या तोंडून नाव निघत नाही तिच्यासाठी दुसरीनं ते घ्यायचं, एवढंच. हे मी इतक्या लहानपणी शिकले की शिकले असं कधी वाटलंच नाही.

लग्न होऊन जळगावला आले. नवरा पाइपच्या कारखान्यात, मी घरी. मुलं हाताशी आल्यावर घरात बसून माणसांवर खेकसण्यापेक्षा काही काम करावं, म्हणून वनहक्काच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एका लहानशा गटात शिरले. सकाळच्या बसनं चोपड्याला जायचं आणि तिथून जीपमध्ये स्वतःला कोंबून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर. तिथल्या आदिवासींची शेतं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नांगराखाली, पण कागदावर ती जंगलात. कागद बदलायचा तर जुन्या माणसाचा जबाब लागतो: हे शेत पहिल्यांदा कोणी केलं, त्याचा बाप कोण, ते कुठे पुरलेत. हे जबाब मी लिहून घ्यायची.

त्यात मी माझी एक पद्धत बसवली होती. सगळे जबाब झाले की ग्रामसभेत उभी राहून त्या गावच्या मेलेल्या माणसांची नावं मी एकेक करून मोठ्यानं वाचायची. म्हातारे डोळे मिटून ऐकायचे. मध्येच कोणी म्हणायचं, "ताई, त्याचा धाकटा भाऊ राहिला," आणि मी तो घालायची. एखादी म्हातारी नवऱ्याच्या नावापाशी अडली तर मी तिच्या कानाशी वाकून विचारायची, शेजारणीकडून खात्री करायची आणि तिच्या वतीनं नाव घेऊन टाकायची. सगळी हसायची, ती पण हसायची. सरकारी माणसं बसलेली असली तर त्यांचेही चेहरे मऊ पडायचे. दावे मंजूर व्हायला लागले, तशी मला माझ्या पद्धतीची घमेंड चढली. ते कोणी बोलून दाखवलं नाही, पण खरं आहे.

पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी माझं नाव परदेशातल्या एका गटाला कळवलं. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, समुद्राजवळच्या वाळवंटात राहणारे मूळनिवासी लोक. त्यांच्या वस्तीला कोळशाच्या खाणीनं तीन बाजूंनी घेरलेलं, आणि आता खाणीला त्यांचं स्मशान हवं होतं. जमिनीचे नकाशे आणि म्हाताऱ्यांचे जबाब यांचा अनुभव असलेली माणसं तीन महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून हवी होती. नवरा म्हणाला, "तुझं इंग्रजी ऐकून ते लोक जमीन सोडून पळतील." आई म्हणाली, "आपला डोंगर काय बठ्ठा मोजी टाका का?" इथला डोंगर सगळा मोजून झाला का, असं. मला दोघांचाही राग आला, कारण मला जायचं होतं. मी आमच्या खानदेशातल्या दादर ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी घेतली आणि गेले.

उन्हाचं मला काही वाटलं नाही, मी जळगावची. काट्यांच्या झाडांचं कुंपण, शेळ्या, मातीच्या भिंती, झाडाच्या फांद्यांचा मांडव आणि त्यात टांगलेल्या विणलेल्या झोळ्या. माणसं झोळीतच झोपतात, झोळीतच पाहुण्याला बसवतात. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून वस्तीच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका होती. तिला तिची भाषा, सरकारची स्पॅनिश आणि माझ्याइतपतच मोडकं इंग्रजी यायचं, त्यामुळे आमचं जमलं. जिचा जबाब घ्यायचा होता ती तिची आजी लागत होती, आईची मावशी.

ती म्हातारी सत्तरीच्या पुढची असेल. बारीक, काळी, ताठ. पायघोळ झगा आणि डोक्यावरून घेतलेलं कापड. मी तिला मनातल्या मनात अक्का म्हणायला लागले, मग तोंडानंही. तिनं शिक्षिकेला त्याचा अर्थ विचारला. मोठी बहीण असा कळल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे." तिच्या मांडवात बसून मी रोज विणकाम शिकायची आणि रोज चुकायची, ती उसवायची आणि काही न बोलता पुन्हा हातात द्यायची. तिच्यासारखी शांत बाई मी पाहिली नाही. माझ्यासारखी बडबडी तिनं पाहिली नसावी.

त्या स्मशानात तिच्या आईकडची सगळी माणसं होती. त्यांच्यात माणूस आईच्या कुळाचा. पुरल्यावर काही वर्षांनी घरातली एक बाई ती हाडं वर काढते, हातांनी स्वच्छ करते आणि कुळाच्या जागेत कायमची ठेवते. तेव्हा कुठे मेलेल्याचा प्रवास संपतो. अक्कानं आपल्या आईचं हे केलं होतं, भावाचं केलं होतं. एक उरली होती, तिची मुलगी. मुलगी बाळंतपणात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. अक्काचे गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती. ती शिक्षिकेकरवी मला म्हणाली, "हे एक काम राहिलंय. पुढच्या कोरड्या दिवसांत करीन. तेवढी ताकद मी ठेवली आहे." स्मशान हललं तर खाणीची माणसं मुलीला उकरून काढणार होती. अक्काला स्वतःच्या हातांनी काढायचं होतं. बाकी तिला कोणाकडून काही नको होतं.

वकिलांचं म्हणणं असं की सरकारी पाहणी होईल त्या दिवशी कुळातल्या जाणत्या बाईनं स्मशानात उभं राहून कोणाची जागा कुठली ते दाखवायचं. तसं झालं तर जागा त्या कुळाची म्हणून नोंदली जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही. ते सांगू शकणारी अक्का एकटीच उरली होती.

पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेनं मला बजावलं होतं, "आम्ही मेलेल्या माणसाचं नाव घेत नाही. घरच्यांसमोर तर नाहीच." मी मान हलवली. माझ्या वहीत ते लिहिलेलंही आहे, मी आत्ता पुन्हा पाहिलं. पण ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पदर पिळणारी आई आली. मला वाटलं, म्हणजे आपल्यासारखंच. लाजतात, संकोच करतात, कोणी आपल्या वतीनं नाव घेतलं की सुटतात. मी एकदाही विचारलं नाही की घेतलं तर काय होतं. बारा वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेली बाई मी, एवढा एक प्रश्न विचारला नाही.

नावाशिवाय जबाब मला लंगडा वाटत होता. मी शिक्षिकेला न सांगता गावातल्या चर्चमध्ये गेले. तिथल्या पाद्रींनी जुनी वही दाखवली. तिच्यात बाप्तिस्मा झालेल्यांची आणि मेलेल्यांची नावं होती. मी ती अक्काच्या जबाबावरून काढलेल्या नकाशाशी ताडून पाहिली आणि कबरींना क्रमांक देऊन एक नीटनेटकी यादी केली. आमच्याकडे दाव्याला वंशावळ जोडतात तशी ती नकाशाला जोडली आणि फाईल वेळेत कचेरीत पोहोचवली. वकील तरुण होता, शहरातला होता. तो म्हणाला, फार छान काम आहे. मला तेच ऐकायचं होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी तीन अधिकारी आले, खाणीची दोन माणसं आली. वस्तीतली माणसं कुंपणाशी उभी राहिली. अक्कानं नवं कापड डोक्यावरून घेतलं होतं. ती एकेका जागेपाशी थांबायची आणि सांगायची, शिक्षिका स्पॅनिश करायची: ही माझी आई. हा जो पावसाची वेळ सांगायचा तो, आईचा भाऊ. हिनं मला विणायला शिकवलं. एकही नाव न घेता ती सगळं सांगत होती आणि अधिकारी लिहून घेत होते. सगळं नीट चाललं होतं. हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगते, की सगळं नीट चाललं होतं.

शेवटच्या जागेपाशी ती थांबली आणि बोलेना. एक अधिकारी घड्याळाकडे बघायला लागला. खाणीचा माणूस दुसऱ्याच्या कानात काही म्हणाला. अक्काचे ओठ हलत होते, हातानं ती कापडाचं टोक धरत होती. तेच, अगदी तेच, शिंदखेड्याच्या दारातलं. आता ही अडली, आता हे लोक फाईल मिटणार, असं वाटलं. मी पुढे झाले आणि तिच्या वतीनं तिच्या मुलीचं नाव घेतलं, आडनावासकट, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल अशा आवाजात. नावाला दुभाषी लागत नाही.

कुंपणाशी उभ्या बायकांनी तोंडावर हात घेतले. अक्का खाली बसली. तिनं डोक्यावरचं कापड पूर्ण चेहऱ्यावर ओढून घेतलं आणि रडायला लागली. मढ्याशेजारी बसून रडतात तशी ती रडत होती, लांब सूर लावून. एकेक करून वस्तीतल्या बायका येऊन तिच्याजवळ बसल्या, चेहरे झाकून. मी शिक्षिकेचा हात धरायला गेले तर तिनं तो सोडवून घेतला. ती म्हणाली, "तिच्यासाठी तिची मुलगी आत्ता मेली."

अधिकारी थोडा वेळ थांबले. मग उन्हात आणखी किती थांबणार म्हणून निघून गेले. त्यांच्या कागदावर काय लिहिलं ते वकिलानं नंतर सांगितलं: शेवटच्या जागेबाबत संबंधित महिलेनं माहिती दिली नाही, पाहणी अपूर्ण. पुन्हा पाहणी लावून घ्यायला त्यानं अर्ज केला. ती लागली नाही.

त्यांच्यात असा गुन्हा घडला की हातात काठी घेतलेला एक वडीलधारा माणूस दोन्ही बाजूंमध्ये शब्द पोचवतो. तो चौथ्या दिवशी माझ्याकडे आला. मला वाटलं रागावेल, निघून जा म्हणेल. त्यानं शांतपणे विचारलं, "तुझी माणसं कुठे आहेत?" एका माणसाची चूक त्याच्या आईच्या सगळ्या घराची असते, म्हणून भरपाई एकट्यानं द्यायची नसते. मी म्हटलं, आई समुद्रापलीकडे आहे. तो म्हणाला, मग तिला कळायला हवं.

म्हणून मी तिथून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनी पोरनं नाव तू काबर लिधं? तिले तोंड व्हतं ना." मी म्हटलं, का घेतलं म्हणजे काय, ती अडली होती. आई म्हणाली, "अडनी नव्हती, माय. पोरजोडे उभी व्हती." मुलीजवळ उभी होती. हजारो मैलांवरून, ते स्मशान न बघता, माझ्या अडाणी आईला जे दिसलं ते मला दोन हातांच्या अंतरावर उभी असताना दिसलं नाही. मी झोळीत तोंड घालून रडले.

सात शेळ्या आणि माझ्या गळ्यातली पोवळ्यांची माळ, असं ठरलं. माळ आईची होती, तिनंच फोनवर सांगितलं देऊन टाक म्हणून. काठीवाल्या माणसानं ते पोचवलं. दुसऱ्या दिवशी अक्कानं मला मांडवात बोलावलं, झोळीत बसवलं आणि मक्याची आंबील दिली. वाद मिटला. मिटल्यावर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, असाच नियम आहे. निघायच्या दिवशी तिनं मी अर्धवट सोडलेलं विणकाम पूर्ण करून माझ्या हातात दिलं. तिनं मला मनापासून माफ केलं होतं. पण सरकारी कागदाला त्यांचा नियम ठाऊक नव्हता.

जळगावला परत आले. गटातल्या लोकांनी सत्कार ठेवला, मी आजारपणाचं कारण सांगून टाळला. नवऱ्यानं महिनाभर एकही टोमणा मारला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते कळावं. पाड्यांवर जायला लागले, जबाब लिहायला लागले. पण ग्रामसभेत नावं वाचायला उभी राहिले की पहिल्या नावाआधीच वही मिटून खाली बसायची. शेवटी वही एका पाड्यातल्या बाईच्या हाती दिली. तिची माणसं, तिनं वाचावीत. ती अडखळत वाचते आणि ते जास्त बरं आहे.

वर्षभरानं शिक्षिकेचा निरोप आला, आवाजात रेकॉर्ड केलेला. मी तेव्हा शिंदखेड्याला आईकडे होते, ओट्यावर दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी ऐकत गेले आणि आईला मराठीत सांगत गेले.

स्मशान हलवलं. दोन दिवसांत. हातमोजे घातलेली माणसं आणि एक यंत्र. प्रत्येकाची हाडं वेगळ्या पांढऱ्या पेटीत घातली आणि पेट्या कायमच्या बंद केल्या, आरोग्याचे नियम म्हणून. कुठली पेटी कोणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीवर नाव चिकटवलं होतं, ठळक अक्षरांत. नावांची यादी त्यांना कचेरीतल्या फाईलमध्ये मिळाली, नकाशाला जोडलेली. दुसरी यादी नव्हतीच कोणाकडे.

इथे मी थांबले. आईनं विचारलं, "काय म्हने ती?" मी सांगितलं, ती यादी माझी होती. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पुढचं असं होतं. नव्या जागी पेट्या रांगेत मांडल्या होत्या. अक्काला वाचता येत नाही. तिनं शिक्षिकेला विचारलं, माझी कुठली? शिक्षिकेला नाव उच्चारता येईना. ती पेट्या वाचत वाचत गेली, एका पेटीवर हात ठेवून उभी राहिली आणि दुसऱ्या हातानं अक्षरं झाकून घेतली. अक्का बाजूला बसली. तिनं पेटी उघडायला सांगितली, ते नाही म्हणाले. तिनं पेटीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, ह्यावर काय चिकटवलंय? शिक्षिका म्हणाली, नंबर आहे.

निरोपाच्या शेवटी शिक्षिकेचा आवाज बदलला. ती म्हणत होती की अक्का अधूनमधून माझी चौकशी करते, ती बाई घरी नीट पोचली का, तिची आई आहे ना. आणि मग तिनं विचारलं होतं, यादी तुझी होती हे मी आजीला सांगू का? कारण हा नवा गुन्हा आहे. न सांगता तो मिटू शकत नाही.

आई म्हणाली, "सांगू नको. तुले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन तिले आखो रडाडू नको."

बरोबर आहे तिचं, मला बरं वाटावं म्हणून तिला पुन्हा कशाला रडवायचं. सांगायचं तर आधी अक्काला कळणार की तिच्या मुलीचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं पेटीवर लावलेलं आहे. ती पुन्हा कापड ओढून बसेल, मुलगी पुन्हा मरेल. मग काठीवाला माणूस माझ्यापर्यंत निरोप पोचवील, मी भरपाई पाठवीन आणि ती मला माफ करील. करील याची मला खात्री आहे, तेच सहन होत नाही. आणि नाही सांगितलं तर ती माझी ख्यालीखुशाली विचारत राहील आणि शिक्षिका तिला सांगत राहील की बरी आहे. निरोप येऊन चार महिने झाले. मी अजून काहीच कळवलेलं नाही.